सुरत ते भावनगर, पंचवीस मिनिटं

माझा साडू बन्सीलाल विमानात बसून आला, त्या आठवड्यात मला ताप भरला. डॉक्टर म्हणाला, हवा बदलली आहे. माझी बायको कला म्हणाली, हवा तीच आहे, साडू बदलला आहे. तिची जीभ पहिल्यापासून अशीच तिखट. पण या खेपेला तिनं नेमकं दुखणं ओळखलं होतं.

मी धुडकू. गाव शिरपूरकडचं, पोट सुरतेचं. आलो तो लूमवर कामाला, पण बारा तास एका जागी उभं राहणं माझ्या पायांना मानवलं नाही. क्लीनर झालो, मग ड्रायव्हर झालो. ही गोष्ट सन शहाण्णवची. तेव्हा आठ वर्षं सुरतेच्या वराछ्यातून सुटणारी भावनगरची लक्झरी बस मीच चालवत होतो. सकाळी सहाला निघायची. कामरेज, अंकलेश्वर, भरूचचा पूल, बडोदा, पुढे तारापूर, वटामण, धंधुका आणि दुपारी चारच्या सुमारास भावनगर. पावणेचारशे किलोमीटर. भरूचच्या पुलावर गाड्या अडकल्या तर चारचे सहा व्हायचे. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ओळखायचा आणि मी त्याला.

सासरवाडी सुरतेतच, पांडेसऱ्यात. सासरे राघोमामा डाइंग मिलमध्ये कामाला. त्यांच्या नखांवरून मिलमध्ये आज कोणता रंग चालू आहे ते गल्लीला कळायचं. त्यांना तिन्ही मुलीच. थोरली माझी कला, मधली मालती, धाकटी सोनाली. मुलगा नाही, म्हणून थोरला जावई तोच मुलगा, असं मामा चारचौघांत म्हणायचे आणि मी मान खाली घालून ते दोनदा ऐकायचो. गावाकडे कुठल्या गाडीनं जायचं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे कुठून आणायचे, भाऊबंदांच्या तंट्यात काय बोलायचं, सगळं मला विचारून. सोनाली माझ्या लग्नात सहा वर्षांची होती. नवरदेवाच्या ताटात जेवायचं म्हणून हट्ट धरला आणि जेवली.

भावनगरहून येताना मी गाठिया आणायचो. दहा तास माझ्या सीटमागे प्रवास करून ते पांडेसऱ्याला पोचेपर्यंत नरम पडायचे. पण मामी, म्हणजे माझ्या सासूबाई सरलाबाई, ते तव्यावर जरा परतून घ्यायच्या आणि गल्लीत वाटायच्या. आमच्या धुडकूनं आणलेत म्हणायच्या.

आता बन्सीलाल. मालतीचा नवरा. महिधरपुऱ्यात एका हिऱ्याच्या शेठकडे शिपाई. शिपाई म्हणजे चहा आणणारा, पाकिटं पोचवणारा, शेठ गाडीतून उतरला की बॅग धरणारा. माणूस गरीब, बोलणं हळू, चालणं भिंतीच्या कडेकडेनं. साडू असावा तर असा, असं मी स्वतः लोकांना सांगायचो. आज कळतं, तो माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभा होता, तोवरच मला गोड लागत होता.

त्या साली सुरतेच्या विमानतळावरून पंधरा-सोळा माणसांचं एक लहान विमान भावनगरला जाऊ लागलं होतं. त्यात बसायचे सगळे हिरेवाले. बन्सीलालच्या शेठनं स्वतःचं आणि भाच्याचं तिकीट काढलं, आणि ऐन वेळी भाच्याला कावीळ झाली. शेठ लोकांची ओळख मोठी, नाव बदलून मिळालं. बॅगा उचलायला माणूस हवाच होता. बन्सीलाल सकाळी विमानानं गेला आणि संध्याकाळी विमानानं परत आला.

मी त्याच दिवशी भावनगरहून गाडी घेऊन येत होतो. सकाळी सहाला निघालो. भरूचच्या पुलावर दोन तास अडकलो. गाडी लावून, हातपाय धुऊन, गाठियाचा पुडा घेऊन संध्याकाळी सातला पांडेसऱ्यात पोचलो, तर मामांच्या दारात चपलांचा ढीग. आत बन्सीलाल खाटेवर मधोमध बसलेला, गल्ली खाली बसलेली. तो संध्याकाळी पाचला भावनगरहून निघाला होता आणि सहाला घरी. म्हणजे मी त्याच्या अकरा तास आधी त्याच गावातून निघालो आणि त्याच्यानंतर तासाभरानं पोचलो. हे गणित मला कुणी करून दाखवायची गरज नव्हती.

त्यानंही गाठिया आणले होते. मामींनी त्यातले चार माझ्या हातावर ठेवले. कोमट होते. कुरकुरीत होते. मामी म्हणाल्या, भावनगरचा गाठिया असा लागतो हे आम्हाला आजच कळलं. माझा पुडा मी पिशवीतून काढलाच नाही. घरी नेऊन शेजारच्या बकरीला घातला. तिनंही हुंगून सोडून दिला.

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. विमानात गोळी देतात, ती तोंडात विरघळायच्या आत भावनगर येतं, हे बन्सीलालनं एकदा सांगितलं आणि गल्लीनं शंभरदा सांगितलं. पंचवीस मिनिटं! पोरीबाळी पंचवीस मिनिटं म्हणायला शिकल्या. मामा मिलमधल्या लोकांना घरी आणायचे, हा माझा मधला जावई म्हणायचे. आखाजीला मानाचा पहिला पाट माझा, पण आमरस वाढताना मामींचं लक्ष त्याच्या वाटीकडे. मला कुणी रस्ता विचारेनासं झालं. आठ वर्षं ज्या रस्त्यावर मी माझी कंबर मोडून घेतली, तो रस्ता या माणसानं एकही गियर न टाकता माझ्या हातातून काढून घेतला. तो समोर हसला की माझ्या छातीत कुणीतरी मिरच्या वाटायचं. मी जळत होतो, आणि मला कळत होतं की मी जळतो आहे.

दिवाळीच्या आधी माझ्या गाडीत एक शिकलेला माणूस पुढच्या सीटवर बसला. मी सहज विचारावं तसं विचारलं, हे लहान विमान ताशी किती पळत असेल. तो म्हणाला, साडेतीनशे, फार तर चारशे. वटामणच्या चहापर्यंत माझा हिशेब झाला होता. रस्ता पावणेचारशे किलोमीटर. विमान ताशी चारशे. म्हणजे विमानाला तास तरी लागणारच. पंचवीस मिनिटांत जायचं तर ते ताशी नऊशेनं उडायला हवं. बन्सीलाल थापा मारत होता. आणि वेळ खोटी, तर सगळंच खोटं नसेल कशावरून? शेठ एकटा गेला असेल. हा दिवसभर वराछ्यात फिरला असेल. काठेवाडी फरसाणाची दुकानं तिथं पावलापावलावर आहेत, गाठिया कढईतून गरमच निघतो. तिकीट दाखव म्हटलं तर म्हणे शेठच्या ऑफिसात जमा आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाच्या चहाचे पैसे दिले.

हे मी मनात ठेवायला हवं होतं. ठेवलंही असतं. पण सोनालीची सोयरीक आली, आणि तीही आणली बन्सीलालनं.

मुलगा ललित, उधन्याला एका कारखान्यात फिटर. वडील रघुनाथराव, मूळ अमळनेरकडचे, शब्दाला पक्के म्हणून समाजात नाव. बन्सीलालची त्यांची जुनी ओळख. मुलगा येऊन मुलगी पाहून गेला. सोनालीला विचारलं तर तिनं ओढणीचं टोक चावलं आणि आत पळाली; तेव्हापासून घरात ती गुणगुणतच काम करायची. स्थळ चांगलं होतं हे मलाही दिसत होतं. पण मी थोरला असताना हे काम धाकट्यानं करावं, आणि मामांनी मला नुसतं तारीख कळवावी, हे मला गिळता येईना.

आमच्यात सोयरीक ठरली की सुपारी फोडतात. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात, बोलणं होतं, सुपारी फुटते, आणि मग ते लग्न मोडणं म्हणजे सगळ्या समाजात नाक कापून घेणं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा रविवार धरला होता. मामांच्या घरासमोर सतरंज्या अंथरल्या. रघुनाथराव पाच-सहा माणसं घेऊन आले. तबकात सुपारी, कुंकू, गूळ. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा बन्सीलालला म्हणाला, विमानात बसलेला माणूस तो तूच ना, सांग की जरा.

बन्सीलालनं आधी नाही-नाही केलं. मग सांगू लागला. गोळीवर आला, पंचवीस मिनिटांवर आला, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला. खोटं.

सगळे माझ्याकडे वळले. तिथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण चढाला लागलेली गाडी मी कधी मध्ये थांबवत नाही. मी सगळा हिशेब मांडला. किलोमीटर, ताशी वेग, वराछ्याची फरसाणाची दुकानं, ऑफिसात जमा असलेलं तिकीट.

बन्सीलालचा चेहरा पडला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मी घडी देखी व्हती. पंचवीसच मिनिटं. खाले नुसतं पानीच पानी दिखे."

"पानी?" मी हसलो. "आठ वरीस मी तो रस्ता हाकी राह्यनू. त्या रस्ताले पानी कोठे शे? दोन-चार नद्या सोडी ते डबकंबी नही."

हसलं कुणीच नाही. ज्यानं आठ वर्षं तो रस्ता तुडवला, त्याच्यापुढे बन्सीलाल काय बोलणार? त्यालाही नकाशा ठाऊक नव्हता. तो मान खाली घालून बसला. मालती आतून बाहेर आली आणि परत आत गेली. रघुनाथरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, आज राहू द्या, घाई काय आहे. गुळाचा खडा तेवढा तोंडात टाकला आणि उठले. सुपारी तबकात तशीच राहिली.

घरी दाराचं कुलूप काढताना कला म्हणाली, "तुमना पोटमा दुखस, ते आमले दखास. पन सोनालीनी तुमनं काय बिघाडं व्हतं?"

मी म्हणालो, खऱ्याला मरण नाही. ती म्हणाली, खऱ्याचं राहू द्या, जेवा.

दोन दिवसांनी सोनाली आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. मला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. "जिजाजी, खरं सांगा. बन्सीलाल जिजाजी खोटं बोलले होते?" मी हो म्हणालो. ठासून म्हणालो. तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर तिनं लहानपणापासून विश्वास ठेवला होता, तसाच तेव्हाही ठेवला.

मग कळलं की बन्सीलाल एकटाच उधन्याला जाऊन आला. रघुनाथरावांच्या पाया पडला, म्हणाला, मीच थाप मारली, घडी पाहण्यात चुकलो, माझ्या चुकीची शिक्षा त्या पोरीला देऊ नका. हे ऐकून मी मांडीवर थाप मारली. कबूल केलं! मी जिंकलो! पण पांडेसऱ्यात गेलो तर निराळंच. मामी डोळे पुसत सांगत होत्या, बन्सीलालनं पोरीसाठी आपली इज्जत पायाखाली घातली, इतकं मोठं मन कुणाचं असतं. मला चहासुद्धा कपबशीत आला नाही, स्टीलच्या पेल्यात आला. म्हणजे विमानात बसला तेव्हा तो मोठा, आणि बसलो नाही म्हणाला तेव्हा आणखी मोठा. जळावं तरी किती माणसानं? आणि त्याचं कबूल करणं काही उपयोगी पडलं नव्हतंच. उधन्याहून निरोप नव्हता.

मी ठरवलं, हा खोटा आहे याचा पुरावाच आणायचा. विमान कंपनीच्या माणसाच्या तोंडून तास हा शब्द ऐकायचा आणि येऊन मामांच्या अंगणात सांगायचा.

पुढच्या खेपेला भावनगरला गाडी लावली, रिक्षा केली आणि विमानतळावर गेलो. पाचचं विमान सुटायचं होतं. कुंपणापाशी उभा राहिलो. आमच्या बसपेक्षाही आखूड, पांढरं, नाकाडं. ते पळालं, उठलं. मी उत्तरेकडे मान करून उभा, कारण सुरतेला जायला मी उत्तरेलाच निघतो, वल्लभीपूरकडे. विमान तिकडे वळलंच नाही. सरळ उगवतीकडे गेलं, जिथं मला ठाऊक होतं की भावनगरजवळच्या घोघ्याचा समुद्र आहे.

सामान चढवून एक काठेवाडी माणूस परत येत होता. त्याला विचारलं, हे विमान कुठे चाललं. सुरत, म्हणाला. मी म्हणालो, सुरत तर तिकडे आहे, आणि उत्तरेला हात केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खाकी शर्टाकडे पाहिलं, आणि कीव आल्यासारखं म्हणाला, "सुरत तो सामे ज छे, भाई. वचमां दरियो. पचीस मिनिट. पवन सामो होय तो त्रीस."

सुरत समोरच आणि मध्ये समुद्र, हे माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तो मला आत घेऊन गेला. ऑफिसच्या भिंतीवर गुजरातचा नकाशा होता. त्यावर कुणीतरी पेनानं रेघा मारल्या होत्या. सुरतेपासून भावनगरपर्यंतची रेघ माझ्या दोन बोटांएवढी, आणि सगळीच्या सगळी निळ्यातून. नव्वद किलोमीटर, तो म्हणाला. माझा रस्ता मी बोटानं शोधला. सुरतेहून वर चढला, बडोद्यापर्यंत गेला, खाडीच्या डोक्यावरून वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं तेवढाच खाली उतरला. आठ वर्षं मी द्राविडी प्राणायाम करत होतो. सुरतेजवळ डुमसला कणसं खात मी जो समुद्र पाहिला होता आणि घोघ्याला पाय बुडवून जो समुद्र पाहिला होता, ते माझ्या डोक्यात दोन गावांचे दोन समुद्र होते. ते एकच पाणी आहे, आणि मी रोज त्याला प्रदक्षिणा घालतो, हे मला कधी सुचलंच नाही. ड्रायव्हरला अंतर म्हणजे रस्ता. जिथं रस्ता नाही तिथं काही असतं हे त्याच्या गावी नसतं.

बन्सीलाल खरा होता. घडीही खरी, पाणीही खरं, गाठियाही खरा.

आणि खरं सांगतो, तेव्हाही आधी पश्चात्ताप झाला नाही. आधी राग आला. समुद्रानंसुद्धा त्यालाच वाट द्यावी? मनात आलं, हे मला नि या काठेवाड्यालाच ठाऊक. पांडेसऱ्यातलं कोण इथं नकाशा बघायला येतं? बन्सीलालनं तर स्वतःच थाप कबूल केली आहे. गप्प बसलो तर मी जन्मभर खरा.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघालो. विचार करायला दहा तास होते. विमानात असतो तर पंचवीस मिनिटांत सुटलो असतो. वटामणला चहा घेतला तो कडू लागला. सोनालीनं मान हलवली होती तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तिला मी हो म्हणालो होतो, ठासून. ती पोर माझ्या शब्दावर बन्सीलालला खोटा समजून बसली होती आणि तिचं स्वतःचं लग्न त्यात गेलं होतं. भरूचच्या पुलावर गाडी अडकली, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणालो, गाढवा, पाण्यात पाहायचं म्हणतात ते तू इतक्या वेळा केलंस आणि पाणी तेवढं दिसलं नाही.

रविवारी उधन्याला गेलो. रघुनाथराव ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी माझं ऐकलं. मी सगळं सांगितलं. नकाशा, खाडी, नव्वद किलोमीटर. बन्सीलाल खरा, मी चुकलो, आता सुपारी फोडायला या.

त्यांनी उरलेला गाल पुरा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पाव्हना, इमाननं माले काय करनं शे? पंचवीस मिनिटं राहो का पंचवीस तास. बन्सीलाल येईसन सांगी ग्या, मी खोटा. तुम्ही सांगतस, तो खरा. मी तेन्हासाठे उठनू नही. मना ललित त्या घरना तिसरा जवाई व्हनार. उद्या तेनी नवी मोटरसायकल लिधी, ते तुम्ही चार मानसंमा तेनं काय करशात?"

म्हणजे सुपारी बन्सीलालच्या थापेमुळे अडली नव्हती. माझ्यामुळे अडली होती. त्या दिवशी अंगणात मी हिशेब मांडत होतो आणि हा माणूस किलोमीटर मोजतच नव्हता. माझं तोंड पाहत होता. मी थोरला जावई म्हणून मिरवायचो, आणि त्या घरात मुलगा द्यावा की नाही याचा विचार लोक माझ्याकडे बघून करत होते.

काहीतरी चांगलंसं बोलायला हवं होतं. शपथ वगैरे. पण त्यांच्या डोळ्यांपुढे खोटं निघेना. मी म्हणालो, "जळसू. मना सभावच तसा शे. पन तोंड उघाडनार नही."

त्यांनी वस्तरा पुसून डबीत ठेवला. मग म्हणाले, जे चार माणसांत बोललात ते चार माणसांतच परत घ्या. पुढचं पुढे पाहू. येणार म्हणाले, सुपारी फोडणार म्हणाले नाहीत.

पुन्हा सतरंज्या पडल्या. तीच माणसं, तेच तबक. मी उभा राहिलो. म्हणालो, बन्सीलाल विमानात बसला होता. सुरत-भावनगर पंचवीस मिनिटंच लागतात. मध्ये समुद्र आहे. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं, कारण मला त्याचा हेवा वाटत होता. एवढं बोलून बसलो. आत मालतीचं रडणं ऐकू आलं. सोनाली दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बन्सीलालकडे पाहिलं. ते माझ्या कर्माचंच फळ होतं.

रघुनाथरावांनी सुपारीला हात लावला नाही. मांडी घालून नीट बसले आणि बन्सीलालला म्हणाले, त्या दिवशी गोष्ट अर्धी राहिली होती, ती आधी पुरी करा.

बन्सीलालनं घसा साफ केला. जन्मात पहिल्यांदा इतकी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मागे कुणी खोटं म्हणणारा उरला नव्हता. सुरुवात नेहमीसारखी हळू केली. मग चढत गेला. वैमानिकानं मागे वळून त्याला नाव विचारलं. शेठ घाबरला, बन्सीलालनं त्याचा हात धरला. खाली गलबतावरच्या लोकांनी रुमाल हलवले आणि त्यानंही वरून हात केला. मी दातांखाली जीभ दाबून बसलो होतो. रघुनाथराव बन्सीलालकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. कला माझ्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि तिचा श्वासही मला ऐकू येत होता.

मग बन्सीलाल म्हणाला की एक ढग खिडकीतून आत आला, आणि त्यानं हात लावून पाहिला तर ओला लागला.

सतरंजीवर कुजबुज झाली. विमानाची खिडकी उघडत नाही हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. बन्सीलाललाही कळलं असावं, कारण तो एकदम थांबला आणि त्याचा चेहरा पुन्हा त्या दिवशीसारखा झाला. पहिल्या दिवशी गोष्ट काढणारा तोच म्हातारा माझ्याकडे वळला. "धुडकूभाऊ, तुम्ही गाडीवाला. सांगा बरं, ढग खिडकीमाईन मझार येस का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या छातीतल्या मिरच्या डोळ्यांत आल्या. पांडेसऱ्यातल्या त्या अंगणात त्या घटकेला माझ्याइतका खरा माणूस दुसरा नव्हता, आणि सोनाली दारातून आता माझ्याकडेच पाहत होती.

"येस," मी म्हणालो. "इमानमा तसंच रहास. वलाच लागस."

रघुनाथराव पहिल्यांदाच हसले. तबक पुढे ओढलं आणि म्हणाले, "चला, फोडा सुपारी."